अभिप्राय : उपकरणांविषयीं आणि विमानप्रवासाविषयीं

घरांत एखादें नवें उपकरण आलें, अथवा घरांतील कोणी विमानानें जाऊन आलें, कीं त्याविषयीं अभिप्राय देण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. “यंत्र चांगलें आहे, पण आवाज फार करतें”. “विमान वेळेवर निघालें, पण चहा अगदींच पाणचट होता”. अशीं वाक्यें आपण नेहमीं ऐकतों. तीं सहज बोललेलीं असतात आणि सहजच विसरलीं जातात. पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविल्यामुळें मला मात्र अशी खोड लागली आहे कीं, क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टीचाही मागचा धागा शोधावयाचा. या अभिप्रायांचा धागा आपल्या छत्रपति संभाजीनगरांतून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंतून, बराच लांब जातो.

प्रथम घरगुती उपकरणांकडे पाहूं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल. दूरच्या डोंगराकडील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणावयाचें, उंचावरून पाडावयाचें आणि त्याच्या जोरावर जातें फिरवावयाचें, ही तिची युक्ति. यात्रेकरूंसाठीं आणि फकिरांसाठीं तेथें धान्य दळलें जाई. त्या चक्कीची परीक्षा करण्यास विद्वान लागत नसे. पीठ बारीक पडलें कीं भरड, हें चिमटींत धरून कोणालाही सांगतां येई. घरगुती उपकरणाचा मोठा गुण हाच कीं, त्याचा न्यायाधीश तें वापरणाराच असतो.

तोच न्याय पुढें याच शहरांत पुन्हा लागू झाला. १९३८ त अमेरिकेंत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञास एक गुळगुळीत पदार्थ योगायोगानें सांपडला. त्यास पुढें टेफ्लॉन हें नांव मिळालें. १९५० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें त्याचा लेप स्वयंपाकाच्या भांड्यांस देऊं लागले, आणि १९६८ त नानासाहेब भोगले यांनीं औरंगाबादेंत ‘निर्लेप’ची स्थापना केली. ज्या तव्यास मुद्दाम लेप दिला, त्याचेंच नांव निर्लेप, ही गंमत माझ्या वर्गांतील मुलांस फार आवडे. परंतु बिडाच्या तव्यावर हात बसलेल्या गृहिणींनीं घेतलेली परीक्षा कांहीं गमतीची नव्हती. धिरडें न चिकटतां सुटतें, हें त्यांनीं मान्य केलें. पण लोखंडी उलथण्यानें लेप खरवडला जातो, हेंही त्यांच्याच ध्यानांत आलें, आणि स्वयंपाकघरांत लांकडी उलथणें आलें. गुण आणि मर्यादा, दोन्ही चुलीपुढेंच ठरल्या.

आतां विमानाकडे वळूं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहूस टपाल आणलें, तेव्हां त्या लहानशा ‘पस मॉथ’ विमानांत मान टपालाच्या थैल्यांचा होता, प्रवाशाचा नव्हता. १९४५ त निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारींतून डेक्कन एअरवेज ही कंपनी हैदराबादेस निघाली. औरंगाबाद तेव्हां हैदराबाद संस्थानांतच होतें. त्या काळचें प्रमुख विमान डाकोटा. त्यांत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. विमान चढतां-उतरतांना कान दुखत, म्हणून प्रवाशांस कानांत घालावयास कापूस आणि चघळावयास गोळ्या देण्याची पद्धत होती. सुखरूप पोंचलों, यापलीकडे त्या प्रवाशाचा अभिप्राय क्वचितच जात असेल!

१९५३ त डेक्कन एअरवेजसह आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स स्थापन झाली. परदेशीं जाणाऱ्या एअर-इंडियाची धुरा मात्र १९७८ पर्यंत जे. आर. डी. यांच्याकडेच राहिली. ते स्वतः प्रवासी म्हणून बसत आणि परत आल्यावर टिपण लिहीत. विमानांतील चहा व कॉफी यांचा रंग ओळखूं येऊं नये इतका सारखा आहे, असल्या गोष्टीही त्या टिपणांत असत. चहावरची तक्रार आपणही करतों. पण आपण ती शेजाऱ्याजवळ करतों, आणि ते ती ज्यानें सुधारावयाची त्याच्याजवळ करीत. अभिप्राय आणि कुरकुर यांतील भेद एवढाच आहे.

परंतु चहाचा रंग डोळ्यांस दिसतो. विमानप्रवासांतील ज्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो, त्या प्रवाशास बहुधा दिसतच नाहींत. आपल्या शहरास हें २६ एप्रिल १९९३ रोजीं कळलें. त्या दिवशीं दुपारीं मुंबईस जाणारें इंडियन एअरलाइन्सचें बोइंग ७३७ विमान चिकलठाण्याहून निघालें. आंत ११२ प्रवासी व ६ कर्मचारी होते. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडचा रस्ता जात होता, आणि त्यावरून कापसाच्या गाठींनीं भरलेली मालमोटार चालली होती. पुरेशी उंची न गांठलेलें विमान तिला धडकलें, पुढें विजेच्या तारांस लागलें आणि कोसळलें. ५५ माणसें गेलीं, ६३ वांचलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या शाळेंत एका मुलानें मला विचारलें, “गुरुजी, आगगाडीच्या रस्त्याला फाटक असतें, मग विमानाच्या रस्त्याला कां नव्हतें?” मी निरुत्तर झालों. पुढें चौकशी झाली. वैमानिकांनीं विमान उचलण्यास केलेला उशीर हें एक कारण ठरलें. आणि विमानाच्या वेळीं बीड रस्त्यावरील वाहतुकीचें नियमन झालें नाहीं, हें दुसरें. त्या मुलानें जें एका वाक्यांत विचारलें होतें, तेंच तेथें सविस्तर नोंदलें गेलें. आदल्या दिवसापर्यंत हा प्रश्न मलाही कधीं सुचला नव्हता. त्या रस्त्यानें मी अनेकदां गेलों होतों.

आज घरगुती उपकरण आणि विमान हीं दोन एकत्र आलीं आहेत. २०१४ पासून आपल्या देशांत प्रवाशास उड्डाणांतही मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर ठेवून वापरतां येतो. पण २०१६ त सॅमसंगच्या ‘गॅलेक्सी नोट ७’ या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊं लागल्या, आणि विमानांत तो चालू करण्यास व चार्ज करण्यास मनाई झाली. लिथियम बॅटरीची पॉवर बँक सामानाच्या पेटींत न टाकतां जवळ बाळगावयाची, या नियमाचें कारणही हेंच: हाताशीं ती पेटली तर लगेच दिसते, विझवितां येते, विमानाच्या पोटांत कोण पाहणार?

निवृत्तीनंतर मी प्रथमच विमानानें गेलों, तेव्हां पेटी उघडून पॉवर बँक काढावयास लावली म्हणून शेजारचे गृहस्थ फार रागावले होते. मीं त्यांस हें कारण सांगितलें. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “हें आधींच कोणी सांगितलें असतें तर?” हाही अभिप्रायच होता, आणि योग्य होता.

म्हणून, श्रोतेहो, चहा पाणचट असेल तर अवश्य सांगावें, पण ज्यानें सुधारावयाचा त्यास सांगावें. आणि एवढ्यावर न थांबतां, त्या मुलाप्रमाणें, फाटक कोठें आहे, हेंही विचारावें. तव्याची परीक्षा घरांत होते. विमानाची परीक्षा प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांनींच करावयाची असते.