धर्मग्रामाची प्राथमिक शाळा आणि तिच्या मुलांची कामगिरी

धर्मग्रामाच्या महोत्सवाची स्मरणिका निघावयाची म्हटली म्हणजे तींत शाळेचा एक अहवाल असावयाचाच. परीक्षेचे निकाल, मिळालेल्या ढाली, स्नेहसंमेलनाचा वृत्तांत आणि शेवटीं शिक्षकवर्गाचे आभार, एवढें छापलें कीं काम संपलें, अशी सर्वत्र रूढी आहे. तसा अहवाल याच अंकांत शाळेनें स्वतंत्रपणें दिलेला आहे. तो वाचकांनीं अवश्य पाहावा. प्रस्तुत लेखकाकडे संपादक मंडळानें निराळें काम सोंपविलें आहे. वसई प्रांतांतील कातोलिक मुलांनीं देवळालगतच्या शाळेंत बसून आजवर काय मिळविलें, याचा थोडा मागोवा घ्यावा, अशी त्यांची इच्छा आहे. ढाली कपाटांत राहतात. मुलें मात्र मोठीं होऊन धर्मग्रामांत वावरतात. तेव्हां ढालींपेक्षां मुलांकडे पाहणें बरें.

वसईवर पोर्तुगीजांचा अंमल इ. स. १५३४ मध्यें बसला. त्यांच्यामागोमाग फ्रान्सिस्कन आणि पुढें येशूसंघीय धर्मगुरू येथें आले. देऊळ उभें राहिलें कीं त्याच्या सावलीस शाळा भरावयाची, ही त्यांची रीत होती. येशूसंघीयांच्या वसईंतील शाळेंत एक मुलगा शिकत असे. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. पंधरा-सोळा वर्षांचा असतांना तो धर्मगुरूंबरोबर जपानास गेला आणि तेथील भाषा त्यानें इतकी आत्मसात केली कीं लोक त्याचें बोलणें आवडीनें ऐकूं लागले. हाच आपला संत गोन्सालो गार्सिया. पुढें तो फ्रान्सिस्कन संघांत ब्रदर झाला. इ. स. १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता हे फिलिपाईन्सच्या गव्हर्नराचे वकील म्हणून जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीस गेले, तेव्हां त्यांच्या बाजूस दुभाष्या म्हणून उभा होता तो हा वसईचा विद्यार्थी. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें त्यास क्रूसावर मरण आलें व इ. स. १८६२ मध्यें पवित्र मंडळीनें त्यास संतपद दिलें. आपण त्यास हुतात्मा म्हणून पूजतों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच्या सणाच्या प्रवचनांत त्याच्या भाषाज्ञानाविषयीं कोणी फारसें बोलत नाहीं, याचें मला नेहमीं नवल वाटतें. दुसऱ्याची भाषा मन लावून शिकणें, ही शाळकरी वयांत अंगीं बाणणारी गोष्ट. आणि तिच्याच बळावर तो राजसभेंत उभा राहिला.

त्याच काळांत दक्षिणेस गोव्यामध्यें फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय काम करीत होते. त्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ इ. स. १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें, हें मराठीच्या वाचकांस ठाऊक आहे. त्यांनीं प्रश्नोत्तररूपानें रचलेली धर्मशिक्षणाची पोथी, ‘दौत्रिन क्रिस्तां’, ही मात्र त्यांच्या मृत्यूनंतर इ. स. १६२२ मध्यें निघाली. ती तेथल्या लोकांच्या बोलींत होती. मोठ्यांसाठीं साहित्यिक मराठींत ओव्या आणि शिकाऊंसाठीं घरच्या बोलींत प्रश्नोत्तरें, अशी ती दुहेरी योजना आजच्या शिक्षकानेंही लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

इ. स. १७३९ मध्यें मराठ्यांनीं वसई घेतली आणि पोर्तुगीज धर्मगुरू निघून गेले. त्यानंतरचीं वर्षें गोव्याकडून आलेल्या देशी धर्मगुरूंनीं निभावून नेलीं. इंग्रजी अमदानींत इ. स. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानें खाजगी शाळांस सरकारी अनुदानाची वाट मोकळी झाली. पुढें इ. स. १९२८ मध्यें रोम व पोर्तुगाल यांच्यांतील करारानें दमणचा धर्मप्रांत संपुष्टांत आला आणि वसई मुंबईच्या आर्चडायोसीजकडे आली. ही राजकीय हकीकत इतर लेखकांनीं विस्तारानें लिहिली आहे. येथें तिची पुनरुक्ति नको.

प्राथमिक शाळेच्या दृष्टीनें खरा पालट घडविला तो दोन धार्मिक निर्णयांनीं. पहिला निर्णय पोप संत पायस दहावे यांचा. ८ ऑगस्ट १९१० रोजीं त्यांनीं आज्ञापत्र काढून बालकांस सुमारें सातव्या वर्षींच प्रथम ख्रिस्तप्रसाद द्यावा असें ठरविलें. तत्पूर्वीं दहा, बारा, कांहीं ठिकाणीं चौदा वर्षांचें होईपर्यंत मुलास थांबावें लागे. त्या वयाचा मुलगा प्रार्थना घरीं ऐकून ऐकून पाठ करूं शकत असे; शाळेवांचून त्याचें फारसें अडत नसे. सात वर्षांच्या बालकाची गोष्ट निराळी. त्यास समजेल अशा थोड्या, सोप्या शब्दांत सांगणारें कोणीतरी हवें, आणि तेंही नित्य, शांतपणें. पहिली-दुसरीचा वर्ग हा अशा रीतीनें धर्मग्रामाच्या जीवनाचा दरवाजा झाला.

दुसरा निर्णय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा. ४ डिसेंबर १९६३ रोजीं परिषदेनें उपासनेंत लोकभाषेस स्थान दिलें आणि कांहीं वर्षांतच लॅटिन मिस्सेच्या जागीं आपल्या देवळांत मराठी मिस्सा सुरू झाली. इ. स. १९६९ मध्यें वाचनांची नवी मांडणी आली; रविवारचीं शास्त्रपठनें तीन वर्षांच्या चक्रांत बसविलीं गेलीं. मग प्रश्न उभा राहिला कीं हें सर्व वाचणार कोण? यशया, रोमकरांस पत्र, प्रकटीकरण, हीं कांहीं बाजारहाटाच्या मराठींत लिहिलेलीं नाहींत. ज्यास लहानपणीं कोणी उच्चार शिकविले, विरामचिन्हावर थांबावयास शिकविलें, त्यालाच तें साधतें. इ. स. १९७३ मध्यें रोमनें बालकांसाठीं असलेल्या मिस्सेविषयीं मार्गदर्शिका काढली व मुलांनीं स्वतः वाचन करण्यास प्रोत्साहन दिलें. आपल्या शाळेनें ही गोष्ट मनावर घेतली, आणि तीच तिची मोठी कामगिरी होय, असें माझें स्पष्ट मत आहे.

हें मत अतिशयोक्तीचें वाटेल, म्हणून अधिक खुलासा करतों. आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं पुस्तकी मराठी बोलली जात नाहीं. कुपारी घरांत कादोडी, वाडवळांच्या घरीं वाडवळी, ही आपली आईची भाषा. सहा वर्षांचें मूल पहिलींत येतें तेव्हां बाईंचें बोलणें त्यास अर्धवट कळतें. बाहेरचे लोक समजतात कीं मराठी मुलास मराठी शाळा म्हणजे उतारावरची वाट. आपल्या मुलांस ती चढण आहे. पहिल्या सहामाहींत मूल गप्प असतें. मग बाईंच्या शब्दांत घरचे शब्द मिसळून बोलूं लागतें. दुसरीच्या अखेरीस तें दोन्ही भाषा वेगळ्या ठेवावयास शिकतें. ज्या बाई घरच्या बोलीस हंसत नाहींत, त्यांच्या वर्गांत हा प्रवास लवकर होतो, हें मीं अनेक वर्षें पाहिलें आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांतील उपक्रमांकडे याच दृष्टीनें पाहावें. महिन्यांतून एका रविवारीं तिसरी-चौथीचीं मुलें मिस्सेंत वाचन करतात. शाळेमागील तुकड्यांत त्यांनीं भाजी व फुलझाडें लावलीं. आजीकडून लग्नांतील कादोडी गीतें ऐकून तीं देवनागरींत उतरवून घेण्याचा उद्योगही त्यांनीं केला. ज्या बोलीस आजवर कागद फारसा मिळाला नाहीं ती लिहितांना मुलांची तारांबळ उडाली. एकाच शब्दाचीं चार मुलांनीं चार रूपें लिहिलीं. बाईंनीं चारही तशींच ठेवलीं, हें मला आवडलें. त्या वह्या आतां शाळेंत जपून ठेवल्या आहेत.

निबंधस्पर्धेचीही एक हकीकत आहे. चौथींतील एका मुलीनें सुकेळीवर निबंध लिहिला. राजेळी केळीं पूर्ण पिकूं द्यावीं, सोलावीं, पाऊस वा दंव लागूं न देतां दिवसेंदिवस उन्हांत वाळवावीं, रोज परतावीं, आणि मग सुक्या पानांत बांधावीं, हें सारें तिनें आपल्या आजोबांच्या हातांकडे पाहून लिहिलें होतें. बक्षीस तिला मिळालें नाहीं. तें ‘माझा भारत महान’ अशा थाटाच्या एका निबंधास गेलें. परीक्षकांचा निर्णय मान्य केलाच पाहिजे. परंतु शाळेच्या कपाटांतील कोणत्याही ढालीपेक्षां त्या दोन पानांचें मोल मला अधिक वाटतें.

आतां जी गोष्ट महोत्सवाच्या आनंदांत कोणी बोलूं इच्छीत नाहीं ती बोलतों. पहिलीचा वर्ग वर्षानुवर्षें लहान होत आहे. इंग्रजी माध्यमाकडे ओढा आहे, आणि त्या शाळा पुष्कळ ठिकाणीं धर्मग्रामांनींच काढल्या आहेत. मुलास पुढें नोकरी मिळावी म्हणून जे आईबाप इंग्रजी शाळेची वाट धरतात, त्यांस दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. वाडीच्या उत्पन्नावर आतां घर चालत नाहीं, हें मीही जाणतों. माझें म्हणणें इतकेंच कीं हिशेब पुरा मांडावा. धर्मशिक्षणाच्या वर्गांत इंग्रजी शाळेचीं मुलें ‘हे आमच्या स्वर्गींय पित्या’ रोमन अक्षरांत लिहून घेतात, तेव्हां चारशें वर्षांपूर्वींचें रायतूर आठवतें. फरक एवढाच कीं तेव्हां रोमन अक्षरांतून परदेशी धर्मगुरू मराठीकडे येत होते, आणि आज आपलीं मुलें मराठीपासून दूर जात आहेत. दहा-पंधरा वर्षांनीं रविवारचें पहिलें वाचन कोण करील, याचा विचार पालकसभेनें आणि धर्मग्राम-समितीनें याच वर्षीं करावा.

नंदाखाल येथें इ. स. १९४२ मध्यें जन्मलेले आणि मराठी शाळेंत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें. ख्रिस्ती धर्मगुरूस तो मान प्रथमच मिळाला. २५ जुलै २०२४ रोजीं ते निवर्तले, आणि त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरास मराठीस अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्यांच्या हयातींत तो झाला असता तर बरें झालें असतें.

महोत्सवाच्या मिस्सेंत पहिलें वाचन चौथीचीं मुलें करणार आहेत. नहेम्याच्या ग्रंथांतील आठवा अध्याय निवडला आहे. एज्रा शास्त्री लांकडी मंचावर उभा राहून लोकांस नियमशास्त्र वाचून दाखवितो व इतर लोक त्याचा अर्थ समजावून सांगतात, तोच हा भाग. शाळा सुटल्यावर व्हरांड्यांत रोज सराव चालू आहे. ‘नियमशास्त्र’ हा शब्द एका दमांत म्हणावयास मुलांस जड जातो. बाई तो टाळ्या वाजवून म्हणवून घेतात. आपल्या देवळांतील वाचनपीठ मुलांच्या मानानें फार उंच आहे, म्हणून सुतारास एक लांकडी पायरी करावयास सांगितली आहे.