माजी सैनिकांचे वार्धक्य : पुरुषाचे आणि स्त्रीचे

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये सकाळच्या वेळी बाकांवर बायकाही बऱ्याच दिसतात. कुणाच्या हातात औषधांची पिशवी आणि कार्ड, कुणाचे गुडघे इतके धरलेले की नंबर पुकारला तरी उठायला दोन मिनिटे लागतात. या बायकांपैकी जवळजवळ कुणीच फौजेत नव्हती. त्या माजी सैनिकांच्या पत्नी, विधवा किंवा आया. कार्ड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नोकरीवर मिळालेले. त्यामुळे म्हातारपणी पुरुष सैनिक आणि स्त्री सैनिक यांच्या आरोग्यात काय फरक पडतो, याचे उत्तर या रांगेतली डोकी मोजून काढले तर ते सैनिकाच्या बायकोच्या आरोग्याचे उत्तर ठरते. या विषयातली पहिली गफलत ती हीच.

दुसरी गफलत जरा बारीक आहे. मराठवाड्यातून फौजेत गेलेले बहुतेक पुरुष जवान म्हणून भरती झाले. शिपाई पंधरा-सतरा वर्षे नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीत येतो. पुढे वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत सिक्युरिटीची ड्यूटी, नाहीतर गावाकडची कोरडवाहू शेती. स्त्रियांची गोष्ट वेगळी. त्या फौजेत आल्या त्या १८८८ मध्ये परिचारिका म्हणून, पुढे डॉक्टर म्हणून आणि १९९२ पासून इतर काही शाखांत अधिकारी म्हणून. जवान म्हणून त्यांची भरती सुरू झाली ती थेट २०१९ मध्ये, लष्करी पोलिसांत, आणि पहिली तुकडी प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडली २०२१ मध्ये. म्हणजे आज साठी ओलांडलेली माजी सैनिक स्त्री ही बहुधा परिचारिका किंवा डॉक्टर, शिकलेली, अधिकारी दर्जाची. तर साठी ओलांडलेला पुरुष बहुधा हवालदार किंवा नाईक. या दोघांचे बीपी आणि साखर शेजारी ठेवून 'स्त्री-पुरुष फरक' म्हणणे म्हणजे हुद्दा आणि शिक्षण मोजून त्याला लिंगाचे नाव देणे.

तिसरी अडचण दोघांनाही लागू आहे. भरतीच्या वेळी दुबळे, दम्याचे, सपाट पायाचे सगळे बाजूला काढले जातात. त्यामुळे सैनिक नोकरीच्या सुरुवातीला आपल्या गावच्या समवयस्कांपेक्षा निरोगीच असतो. वय वाढेल तशी ही आघाडी झिजत जाते. ती किती झिजली हे कळायला हवे असेल तर सैनिकाची तुलना शेजाऱ्याशी करून भागत नाही. भरतीच्या दिवशीचा तोच माणूस समोर लागतो. यात आणखी एक पाचर आहे. इथे २०१७ मध्ये उभ्या राहिलेल्या प्रादेशिक सेनेच्या १३६ इको बटालियनमध्ये माजी सैनिक झाडे लावण्याचे, खड्डे खणण्याचे काम करतात. त्यांना पाहून 'फौजी म्हातारा होत नाही' असे कुणालाही वाटेल. पण तिथे पोहोचतात ते तब्येत टिकलेलेच. ज्याची कंबर गेली तो तिथे दिसणार नाही.

आता प्रत्यक्ष शरीराकडे. पुरुषांच्या बाबतीत नोकरीने काय केले हे सांगणे तुलनेने सोपे आहे, कारण ते कानात, कमरेत आणि काळजात उमटते. तोफखान्यात किंवा फायरिंग रेंजवर वर्षे काढलेल्याचे ऐकणे आधी वरच्या पट्टीत जाते. तपासणीच्या आलेखावर चार हजार हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. घरात त्याचा अर्थ असा की सुभेदार साहेबांना शेजारच्या पाटलांचे बोलणे नीट कळते, सुनेचे आणि नातवाचे कळत नाही. स, श, च ही व्यंजने गळून पडतात. साहेब चिडतात, टीव्हीचा आवाज वाढवतात, आणि हळूहळू चार माणसांत बसणे टाळतात. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. सियाचिनसारख्या उंचीवर राहिलेल्यांचे रक्त दाट होते, गुठळ्यांचा धोका वाढतो. त्यात कॅन्टीनच्या कार्डावरची स्वस्त रम, तंबाखू आणि रात्रपाळीची दुसरी नोकरी. पुरुषांना हृदयविकार स्त्रियांपेक्षा सात-दहा वर्षे आधी गाठतो हे फौजेबाहेरही खरे आहे. फौजेने त्यात आपली भर घातली एवढेच.

आजच्या वृद्ध लष्करी परिचारिकेच्या वाट्याला तोफेचा आवाज फारसा आला नाही. तिच्या वाट्याला आले ते तासन्‌तास उभे राहणे, रुग्ण उचलणे, वर्षानुवर्षांची रात्रपाळी आणि १९७१, श्रीलंका, कारगिल या प्रत्येक वेळी वॉर्डात येऊन पडलेली विशीतली पोरे. पायांच्या फुगलेल्या शिरा आणि मणक्याचे दुखणे ही तिच्या नोकरीची खूण. मनाचे काय, याचा सगळ्यात चांगला पुरावा मात्र अमेरिकेतून येतो. व्हिएतनाममध्ये गेलेल्या सैनिकांच्या १९८८ च्या राष्ट्रीय पाहणीत युद्धोत्तर मानसिक आघात त्या वेळी १५.२ टक्के पुरुषांत आणि ८.५ टक्के स्त्रियांत आढळला. वरवर पाहता बायका कणखर निघाल्या. पण आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आघात भोगलेल्यांचे प्रमाण पाहिले तर पुरुष ३०.९ आणि स्त्रिया २६.९ टक्के, म्हणजे अंतर बरेच मिटते. आणि त्या स्त्रिया बहुतेक परिचारिका होत्या, हातात बंदूक नसलेल्या. मरणाच्या इतके जवळ राहणे पुरेसे होते. त्याच देशात माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत सेवाकाळातल्या लैंगिक अत्याचाराबद्दल सगळ्यांना विचारतात, तेव्हा तीनपैकी एक स्त्री आणि पन्नासपैकी एक पुरुष 'हो' म्हणतो. हा प्रश्न तपासणीच्या कागदावर छापलेला असल्यामुळे उत्तर मिळते. आपल्याकडे शिस्तीच्या आणि इज्जतीच्या भाषेत वाढलेली कोणती निवृत्त मेजर आपणहून हे सांगायला जाईल?

इथवरचा फरक मुख्यतः कामाचा आहे. देहाचा म्हणावा असा फरक हाडांत दिसतो. तरुणींना पुरुषांच्याच वेळापत्रकाने पळवले, तेवढेच ओझे दिले, तर नडगी आणि कटिभागाच्या हाडांना तडे जाण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा काही पटींनी जास्त भरते. हाडे बारीक असतात हे एक कारण. दुसरे असे की खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणे कमी पडले की पाळी अनियमित होते आणि हाडांची भर मंदावते. हाडांची जमापुंजी साधारण तिशीपर्यंतच साठते. भारतीय स्त्रीची पाळी सेहेचाळिशीच्या आसपास जाते, इस्ट्रोजेन उतरते आणि त्याच साठ्यातून उचल सुरू होते. विशीतला तडा तीन महिन्यांत भरून येतो आणि विसरला जातो. त्याचा हिशेब साठीत, बाथरूममध्ये पाय घसरल्यावर होतो. पुरुषाच्या हाडांची झीज संथ असते, म्हणून तो तिथे उशिरा पोहोचतो.

या देहाचा फौजेने कसा विचार केला, हे न्यायालयाच्या निकालांत स्पष्ट दिसते. लष्करात सैनिकाची तंदुरुस्ती 'शेप' या पद्धतीने ठरते : मन, कान, हातपाय, शरीराची ताकद आणि डोळे. १७ फेब्रुवारी २०२० च्या बबिता पुनिया निकालाने महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा हक्क दिला. मग त्यांची निवड करताना सगळ्यांना 'शेप-१' हवे असे ठरले. पुरुष अधिकाऱ्याची ही पारख सेवेच्या पाचव्या-दहाव्या वर्षी, ऐन तिशीच्या अलीकडेपलीकडे झालेली असते. नंतर त्याची कॅटेगरी घसरली तरी त्याचे कमिशन जात नाही. या बायका मात्र तोवर चाळिशी-पन्नाशीत पोहोचल्या होत्या, बाळंतपणे झालेली होती. २५ मार्च २०२१ च्या नितिशा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे भेदभावाचे ठरवले. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा शास्त्रीय धडा एका कायद्याच्या निकालात लिहिला गेला आहे : दोन शरीरांची तुलना करायची तर दोन्हींचे वय एक धरा.

आता घर. वृद्ध माजी सैनिकाची तब्येत ज्या गोष्टीवर टिकते ती कोणत्याच तपासणीत येत नाही. बीपीची गोळी सकाळी पाण्याच्या पेल्याबरोबर समोर ठेवणारे माणूस घरात असते, बहुधा त्याची बायको. तीच रेफरलचे कागद सांभाळते, तारीख लक्षात ठेवते, डॉक्टर बोलतात ते नवऱ्याच्या कानाशी मोठ्याने परत सांगते. तिची स्वतःची तपासणी 'ह्यांचं होऊ द्या' म्हणत पुढे ढकलली जाते, म्हणून तिचे आजार उशिरा कळतात. नवरा वयाने मोठा, म्हणून मागे राहते तीच.

निवृत्त लष्करी परिचारिकेच्या घरात हे माणूस अनेकदा नसते, आणि ते नसण्यामागे नियमाचा हात आहे. १९७७ च्या लष्करी आदेशानुसार लग्न केले हे परिचारिकेला नोकरीतून काढण्याचे कारण धरले जाई. आदेश मागे घेतला गेला १९९५ मध्ये. १९८८ मध्ये असे काढल्या गेलेल्या एका अधिकारी परिचारिकेला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये साठ लाखांची भरपाई दिली आणि नियम उघड मनमानीचा ठरवला. पण नियमाचा परिणाम एका खटल्यापुरता नाही. त्या काळी ज्यांना नोकरी टिकवायची होती त्यांच्यापुढे लग्न टाळण्याचा रस्ता होता. त्या आता सत्तरीत आहेत. कुबड, मोतीबिंदू, औषधांचे पाच डबे आणि दार वाजले तर उघडायला त्याच. पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त जगतात पण जास्त दुखणी घेऊन जगतात, हे जगभर दिसते. इथे त्या जास्तीच्या वर्षांत सोबतीचीही वजाबाकी झालेली आहे.

शॉर्ट सर्व्हिसच्या, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कमिशनवर आलेल्या, बायकांचे गणित वेगळ्या ठिकाणी चुकले. दहा-चौदा वर्षांनी बाहेर पडल्या, पेन्शन नाही. ईसीएचएस सुरू झाले १ एप्रिल २००३ ला, पण शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना त्याचे दार उघडले २०१९ मध्ये. असे पुरुषही होते. पण पुरुषांपुढे कायम कमिशनचा पर्याय होता. १९९२ नंतर आलेल्या बायकांपुढे बहुतेक शाखांत तो नव्हता. ऐन पाळी जाण्याच्या वयात, जेव्हा हाडांची आणि हृदयाची तपासणी व्हायला हवी, तेव्हा त्यांच्या हातात कार्ड नव्हते.

पुढची पिढी मात्र वेगळी असेल. मुलांना एनडीएसाठी तयार करणारी एसपीआय ही संस्था या शहरात १९७७ पासून आहे; मुलींसाठी तशी संस्था नाशिकला निघाली. मे २०२५ मध्ये एनडीएतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. २०२३ मध्ये कॅप्टन शिवा चौहान सियाचिनच्या कुमार पोस्टवर तैनात झाल्या. उंची, आवाज, ओझे हे आता दोघांच्याही वाट्याला येणार, आणि स्त्री-पुरुष फरकाचा खरा अभ्यास तेव्हाच शक्य होईल, जर नोंदी राहिल्या तर. नोंदींची सर्वांत कच्ची जागा अग्निवीर मुलींची. मार्च २०२३ मध्ये ओडिशातल्या चिल्का येथून नौदलाच्या पहिल्या तुकडीत २७३ मुली बाहेर पडल्या. चार वर्षांनी त्यांतल्या बहुतेक परततील. त्यांना पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, ईसीएचएसही नाही. प्रशिक्षणात नडगीला तडा गेलेली एखादी पैठणची किंवा कन्नडची मुलगी साठीत खुबा मोडून घाटी रुग्णालयात येईल, तेव्हा केसपेपरवर व्यवसाय 'गृहिणी' लिहिला जाईल.