फळ्यावरची नव्वद नावे : अमेरिकी फुटबॉलमधील खेळाडूंची पारख आणि तिने न पाहिलेली मैदाने

१/
८ फेब्रुवारी १९३६. फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेल. नॅशनल फुटबॉल लीग म्हणजेच एनएफएलच्या नऊ संघांचे कारभारी एका खोलीत जमले होते. समोरच्या फळ्यावर सुमारे नव्वद महाविद्यालयीन खेळाडूंची नावे लिहिलेली होती. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत त्यांतील ८१ नावे वाटून घेतली. खेळाडूंना कोणी विचारले नव्हते. हा एनएफएलचा पहिला ‘ड्राफ्ट’. फळ्यावर नाव कोणाचे यावे, हे कसे ठरत गेले आणि कोण त्यातून वगळले गेले, याचा हा धागा.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. येथे फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसण्याचा अमेरिकी खेळ. त्याची खरी पाळेमुळे विद्यापीठांत होती. व्यावसायिक संघ नंतर आले आणि त्यांना खेळाडू मिळत ते महाविद्यालयांतूनच. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. येथे बोली लागत नाही. तळाच्या संघाला प्रथम निवडीचा मान मिळतो आणि ज्याने निवडले त्याच संघाशी खेळाडूने करार करायचा असतो.

३/
ही कल्पना बर्ट बेल यांची. त्यांचा फिलाडेल्फिया ईगल्स संघ सतत हरत होता. शिकागो बेअर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यासारखे श्रीमंत संघ चांगले खेळाडू उचलून नेत. मिनेसोटाच्या स्टॅन कोस्टका या खेळाडूसाठी संघांत चढाओढ लागली आणि तो बेल यांच्या हातून निसटला. मे १९३५ मध्ये बेल यांनी ड्राफ्टचा प्रस्ताव मांडला. त्यातून दुबळ्या संघांना आधार मिळणार होता. पण चढाओढ थांबली की खेळाडूंचे वेतनही वाढणार नव्हते. हे दोन्ही हेतू त्या प्रस्तावात पहिल्यापासून एकत्र होते.

४/
पहिल्या ड्राफ्टमधील पहिले नाव होते शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. पुढे ‘हाइसमन’ नावाने प्रसिद्ध झालेल्या पारितोषिकाचा तो पहिला मानकरी. ईगल्सने त्याला निवडले आणि त्याच्यावरील हक्क बेअर्सकडे दिला. बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांच्याशी त्याचे पैशांवरून जमले नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. त्या काळी पदवीधर तरुणाला हा खेळ फारशी प्रतिष्ठेची उपजीविका वाटत नसे.

५/
त्या वेळी एकाही संघाकडे पूर्णवेळ पगारी पारखी नव्हता. ओळखीच्या प्रशिक्षकांची पत्रे, वृत्तपत्रांतील वर्णने आणि ‘ऑल-अमेरिका’ याद्या यांवरच निवड होई. अपवाद होता जायंट्सच्या मालकांचा मुलगा वेलिंग्टन मारा. वय अवघे १९. तो गावोगावची वृत्तपत्रे मागवून खेळाडूंची टिपणे ठेवत असे. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या टफी लीमन्सचे नाव त्यानेच पुढे केले. जायंट्सने लीमन्सला दुसऱ्या फेरीत घेतले आणि पहिल्याच हंगामात चेंडू घेऊन सर्वाधिक अंतर धावण्याचा मान त्याने मिळवला. इतरांपेक्षा अधिक माहिती असणे म्हणजे काय, याचा हा पहिला धडा.

६/
मात्र त्या फळ्यावर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूचे नाव नव्हते. नियमपुस्तकात बंदी लिहिलेली नव्हती, तरीही १९३४ पासून १९४५ पर्यंत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नाही. यूसीएलएचा केनी वॉशिंग्टन १९३९ च्या हंगामात देशातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता. पुढील ड्राफ्टमध्ये त्याला कोणीही निवडले नाही. त्याचे गुण सर्वांना दिसत होते. निवडण्याची इच्छा मात्र कोणालाच नव्हती.

७/
बदल घडला १९४६ मध्ये. क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला. त्याला तेथील कोलिझियम हे सार्वजनिक मैदान हवे होते. सर्वांच्या पैशाने उभारलेल्या मैदानावर वर्णभेद पाळणारा संघ खेळू नये, असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला. परिणामी रॅम्सने केनी वॉशिंग्टन आणि वुडी स्ट्रोड यांच्याशी करार केले. तोवर वॉशिंग्टनची उमेदीची वर्षे उलटली होती आणि गुडघे अधू झाले होते.

८/
त्याच वर्षी रॅम्सचे मालक डॅन रीव्ह्ज यांनी एडी कोटल यांना पूर्णवेळ पारखी म्हणून नेमले. लीगमधील हे अशा प्रकारचे पहिले पद. वर्षभर प्रवास करायचा, सराव पाहायचा, प्रशिक्षकांशी बोलायचे आणि टिपणे लिहायची, असे त्यांचे काम होते. इतर संघ जेथे फिरकत नसत अशा लहान महाविद्यालयांतही ते जात. १९४९ मध्ये लुईझियानातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयातून ‘टँक’ यंगर रॅम्समध्ये आला. ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतले नव्हते. एनएफएलमध्ये तो दहा हंगाम खेळला.

९/
ग्रॅम्बलिंगसारख्या महाविद्यालयांचे महत्त्व समजण्यासाठी दक्षिणेकडील परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. तेथील मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होते. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या बलाढ्य गटात पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू मैदानात उतरला तो १९६७ मध्ये : केंटकी विद्यापीठाचा नॅट नॉर्दिंग्टन. तोपर्यंत दक्षिणेतील असंख्य गुणी मुले ग्रॅम्बलिंग, सदर्न, प्रेअरी व्ह्यू, फ्लोरिडा ए अँड एम अशा महाविद्यालयांतच खेळत. राष्ट्रीय वृत्तपत्रे त्या सामन्यांची दखल क्वचितच घेत.

१०/
१९६० मध्ये अमेरिकन फुटबॉल लीग (एएफएल) ही प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली आणि चढाओढ पुन्हा सुरू झाली. प्रस्थापितांशी टक्कर द्यायची तर त्यांनी दुर्लक्षिलेली मैदाने पाहणे भाग होते. १९६३ च्या एएफएल ड्राफ्टमधील पहिली निवड ग्रॅम्बलिंगचा बक ब्युकॅनन होता. त्याला घेणारा संघ पुढे कॅन्सस सिटी चीफ्स झाला. ह्यूस्टनचे पत्रकार-छायाचित्रकार लॉइड वेल्स याच संघासाठी काम करू लागले. व्यावसायिक फुटबॉलमधील पहिले पूर्णवेळ कृष्णवर्णीय पारखी म्हणून त्यांची ओळख आहे.

११/
त्या काळी दोन्ही लीगचे संघ पसंतीच्या खेळाडूंना हॉटेलांत अक्षरशः लपवून ठेवत. प्रेअरी व्ह्यूच्या ओटिस टेलरवर एनएफएलच्या माणसांचा असाच पहारा होता. वेल्स यांनी त्याला खिडकीतून बाहेर काढून पळवून नेले, ही कथा आजही सांगितली जाते. जानेवारी १९७० मधील चौथ्या सुपर बोलमध्ये चीफ्सने मिनेसोटाला २३-७ असे हरवले. त्या सामन्यात ४६ यार्डांचा निर्णायक टचडाउन टेलरनेच केला.

१२/
याच दशकात पारखीत संगणक आला आणि तो आणणाऱ्यांत एक भारतीय होता. डॅलस काउबॉइज या नव्या संघाचे टेक्स श्रॅम पूर्वी सीबीएस वाहिनीत होते. १९६० च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी त्यांनी आयबीएमची यंत्रे पाहिली होती. खेळाडूंच्या निवडीतही त्यांचा उपयोग होईल, असे त्यांना वाटले. आयबीएमच्या उपकंपनीने हे काम संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी यांच्याकडे सोपवले. कुरेशी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांना क्रिकेट ठाऊक होते, अमेरिकी फुटबॉल मुळीच नाही.

१३/
त्यांच्यापुढील पहिला प्रश्न गणिताचा नव्हता, भाषेचा होता. एक पारखी ‘चपळ’ म्हणे तेव्हा त्याला जे अभिप्रेत असे, तेच दुसऱ्याला असेलच असे नाही. प्रत्येकाचे शब्द वेगळे आणि मापेही वेगळी. शेकडो गुणवैशिष्ट्ये गाळत गाळत अखेर पाच निकष उरले : चारित्र्य, चपळाई व शरीरावरील ताबा, जिगर, बौद्धिक तत्परता आणि ताकद. प्रत्येक विधानाला पारख्याने १ ते ९ गुण द्यायचे. त्याचे पूर्वग्रह पुसले जात नव्हते, पण आता ते कागदावर मोजता येऊ लागले.

१४/
१९६४ च्या ड्राफ्टमध्ये काउबॉइजने मेल रेन्फ्रो, बॉब हेज आणि रॉजर स्टॉबॅक यांना निवडले. हेज फ्लोरिडा ए अँड एमचा धावपटू. त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने १०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. स्टॉबॅकला आधी नौदलात सेवा करायची होती. तो संघात आला १९६९ मध्ये. तरीही काउबॉइज थांबले. हे तिघेही पुढे ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. १९६६ पासून सलग वीस हंगाम या संघाने हरल्यापेक्षा अधिक सामने जिंकले. सगळे श्रेय संगणकाला देता येणार नाही, कारण त्यात भरायची माहिती गोळा करणारी माणसेही तितकीच कसलेली होती.

१५/
या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे नाव मात्र बिल नन यांचे. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात ते क्रीडा पत्रकार आणि नंतर व्यवस्थापकीय संपादक होते. १९५० पासून ते कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील सर्वोत्तम खेळाडूंचा संघ दरवर्षी जाहीर करत. त्याच शहरातील स्टीलर्स संघाने त्या यादीबद्दल त्यांना कधी काही विचारले नव्हते. त्यामुळे नन त्या संघाकडे फिरकत नसत. ही नाराजी कानी येताच डॅन रूनी यांनी त्यांना बोलावून घेतले. १९६७ पासून नन स्टीलर्ससाठी अर्धवेळ आणि पुढे पूर्णवेळ काम करू लागले.

१६/
नन यांच्याकडे यंत्र नव्हते, वीस वर्षांच्या ओळखी होत्या. प्रशिक्षक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. त्यांच्या काळात अर्कान्सासमधून एल. सी. ग्रीनवूड, सदर्नमधून मेल ब्लाउंट आणि टेक्सस सदर्नमधून अर्नी होम्स असे खेळाडू स्टीलर्सला मिळाले. ग्रीनवूड दहाव्या फेरीत मिळाला, होम्स आठव्या. ज्यांचा खेळ इतरांनी पुरेसा पाहिलाच नव्हता, ते इतक्या उशिराही शिल्लक राहत.

१७/
अलाबामा ए अँड एमच्या जॉन स्टॉलवर्थची कथा प्रसिद्ध आहे. अनेक संघांच्या पारख्यांनी ओल्या मैदानावर त्याची धाव मोजली आणि वेळ सामान्य भरली. मंडळी पुढच्या गावाला निघाली. नन यांनी आजारपणाचा बहाणा करून मुक्काम लांबवला, चांगल्या जागी त्याला पुन्हा धावायला लावले आणि त्याचा वेग खरा किती हे जाणून घेतले. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये स्टॉलवर्थ चौथ्या फेरीपर्यंत शिल्लक होता. स्टीलर्सने त्याला घेतले.

१८/
त्या एकाच ड्राफ्टमध्ये स्टीलर्सने लिन स्वान, जॅक लँबर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेबस्टर हे चौघे निवडले. चौघेही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. त्या वर्षी १७ फेऱ्यांत एकूण ४४२ खेळाडू निवडले गेले. साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल त्यांत नव्हता. त्याला स्टीलर्सने ड्राफ्टबाहेरून घेतले आणि २०२० च्या मानकऱ्यांत त्याचेही नाव आले. त्याआधी एकही विजेतेपद न मिळालेल्या स्टीलर्सने सहा वर्षांत चार सुपर बोल जिंकले.

१९/
एवढ्या कथेत खेळाडूचे स्वतःचे मत कोठेच आलेले नाही. ते न्यायालयात आले. जेम्स ‘याझू’ स्मिथला १९६८ मध्ये वॉशिंग्टन संघाने निवडले. पहिल्याच हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या मानेला गंभीर दुखापत झाली आणि त्याची कारकीर्द संपली. मुक्त बाजार असता तर अधिक सुरक्षित करार मिळाला असता, असा त्याचा दावा होता. १९७६ मध्ये न्यायालयाने तत्कालीन ड्राफ्ट स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग करणारा ठरवला. ड्राफ्ट टिकला तो १९७७ च्या करारामुळे. त्याला खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक वाटाघाटीतून मान्यता दिली.

२०/
१९८२ मध्ये टँपा येथे १६३ खेळाडूंना एकत्र बोलावून तपासणी झाली. पुढे हीच ‘कंबाइन’ म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १९८७ पासून इंडियानापोलिसमध्ये स्थिरावली. वैद्यकीय तपासणी, उंची, वजन, ४० यार्डांची धाव, उडी, सुमारे १०२ किलोचे वजन उचलणे असे तिचे स्वरूप. बहुसंख्य कृष्णवर्णीय तरुणांची शरीरे अशी उघड तपासली जाताना पाहून काही अभ्यासकांना गुलामांच्या बाजाराची आठवण झाली आहे. दुसरीकडे, लहान महाविद्यालयातील मुलाला मोठ्यांच्या शेजारी धावण्याची संधीही तेथेच मिळते.

२१/
मोजमापाची मर्यादाही इतिहासात नोंदलेली आहे. २००० च्या कंबाइनमध्ये मिशिगनच्या टॉम ब्रेडीला ४० यार्ड धावायला ५.२८ सेकंद लागले. तो सहाव्या फेरीत १९९ वा निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल जिंकले. पण ब्रेडीला निदान सर्वांनी पाहिले होते. पाहून चुकणे आणि मुळात पाहायलाच न जाणे, या दोन चुका सारख्या नाहीत. पहिली चूक घड्याळ सुधारून कमी करता येते. दुसरीसाठी कोणीतरी त्या गावची गाडी पकडावी लागते.

२२/
बिल नन २०१४ मध्ये निवर्तले. २०२१ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. खेळाडू किंवा प्रशिक्षक नसलेल्या योगदानकर्त्यांच्या गटातील ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांतील एकही खेळाडू निवडला गेला नाही. मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे उघडल्यावर गुणी मुले तिकडे गेली, हे त्याचे एक कारण. ही मुलांसाठी चांगलीच गोष्ट झाली. मात्र नन ज्या मैदानांवरून खेळाडू शोधून आणत, त्यांतील एकाही मैदानावरचे नाव त्या वर्षी ड्राफ्टच्या यादीत नव्हते.