साइट आणि लॅब : गंगापूरच्या मातीपासून कोयनेच्या तड्यांपर्यंत

सातपूरच्या नळाला जे पाणी येतं, ते गंगापूर धरणाचं. गोदावरीवरचं हे मातीचं धरण 1965 साली पूर्ण झालं. उंची साधारण 36 मीटर, लांबी जवळपास चार किलोमीटर. आपण सुट्टीत तिथे फिरायला जातो, पण मातीचा बांध एवढं पाणी अडवतो कसा, हे क्वचितच विचारतो.

उत्तर आहे दाबणीत. कोरडी माती कितीही रोलर फिरवला तरी नीट बसत नाही. फार ओली केली तर पोकळ्यांत पाणीच जागा अडवतं. या दोहोंच्या मध्ये ओलाव्याचं एक नेमकं प्रमाण असतं. ते काढायची ‘प्रॉक्टर टेस्ट’ आज इंजिनिअरिंगचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. पण गंमत बघा, 1933 साली ती मांडणारा राल्फ प्रॉक्टर प्राध्यापक नव्हता. तो लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यात धरणं बांधणारा इंजिनिअर होता. म्हणजे इथे साइटने कॉलेजला शिकवलं.

आपल्या नाशिकमध्ये दिंडोरी रोडला ‘मेरी’ आहे, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. स्थापना 1959. धरणाची माती, काँक्रीटचं साहित्य, सांडव्याची छोटी मॉडेल्स, सगळं तिथे तपासलं जातं. बांधणाऱ्याला पडलेला प्रश्न प्रयोगशाळेत जावा आणि उत्तर साइटवर परत यावं, यासाठीच अशी संस्था असते.

ही ये-जा किती मोलाची, ते कोयनेने दाखवलं. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे 180 माणसं गेली. धरण टिकलं, पण वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे तडे गेले. डिझाइन करताना भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या 5 टक्के धरला होता. धरणाच्या आतच बसवलेल्या यंत्राने मात्र त्याच्या कितीतरी पट धक्का नोंदवला.

ती नोंद जगभरच्या अभ्यासकांनी वापरली. बर्कलीचे प्रा. अनिल चोप्रा यांनी सहकाऱ्यासह गणित मांडलं, की धरण हलतं तेव्हा वरच्या भागावर जुन्या पद्धतीच्या अंदाजापेक्षा खूप जास्त ताण येतो. म्हणजे तडे तिथेच का गेले, ते कळलं. कोयनेला मागून आधार बांधून मजबुती दिली गेली, आणि 1970 साली देशाच्या भूकंप-संहितेतही बदल झाले.

माझ्या मते या इतिहासाचा धडा सेमिनार आणि सामंजस्य करारांपेक्षा साधा आहे. साइटवर जे घडलं ते खरं मोजलं गेलं आणि अभ्यासकाच्या हाती पडलं, तरच दोघांचं जमतं.

आता आजच्या स्लॅबकडे या. काँक्रीटचे 150 मिलिमीटरचे क्यूब भरायचे आणि 28 दिवसांनी लॅबमध्ये फोडायचे, हा नियम. पण क्यूबसाठी सिमेंट जास्त आणि स्लॅबसाठी पाणी जास्त असं झालं, तर रिपोर्ट पास होतो आणि घर नापास. मग लॅबने काय शिकायचं, आणि साइटला काय सांगायचं?

सातपूरमध्ये तुमचं बांधकाम चालू असेल, तर एक करा : क्यूब भरताना स्वतः उभे राहा. काँक्रीट त्याच गाडीतलं आहे ना, एवढं बघा. भेटू पुढच्या भागात!