महारेणूचा वाद : रबर आणि सेल्युलोज यांची साक्ष

रबर, कापूस, रेशीम व कातडे हे पदार्थ मनुष्याच्या वापरात शतकानुशतके आहेत. परंतु त्यांचा रेणू केवढा, ह्या वरवर साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचे एकमुखी उत्तर १९३० च्या सुमारापर्यंत रसायनशास्त्राला देता आले नव्हते. हे उत्तर ज्या वादातून निष्पन्न झाले, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रबरातील कार्बन व हायड्रोजन यांच्या अणूंचे प्रमाण पाचास आठ असल्याचे मायकेल फॅराडे यांनी १८२६ मध्ये दाखविले होते. पुढे १८६० मध्ये ग्रेव्हिल विल्यम्स यांनी रबराच्या ऊर्ध्वपातनातून आयसोप्रीन वेगळे केले. घटक अशा रीतीने हाती आला, पण त्याची जुळणी अज्ञातच राहिली. १८६१ मध्ये टॉमस ग्रॅहॅम यांनी 'कलिल' हा पदार्थांचा स्वतंत्र वर्ग कल्पिला, तेव्हापासून रबराच्या विद्रावात आढळणारे मोठे कण म्हणजे लहान रेणूंचे पुंजके होत, असे मानणे सोयीचे झाले. एमिल फिशर यांनी १९०७ मध्ये महत्प्रयासाने १८ ॲमिनो अम्लांची साखळी जोडली, तिचा रेणुभार १२१३ होता. ज्या काळी एवढा रेणू हाच पराक्रम होता, त्या काळी लक्षावधी रेणुभाराची कल्पना अनेकांना अशास्त्रीय वाटावी, ह्यात नवल नाही. रबर म्हणजे दोन आयसोप्रीन घटकांची वलये असून द्विबंधांच्या ठिकाणी उरलेल्या 'आंशिक संयुजां'नी ती एकत्र राहतात, असे कार्ल हॅरिस यांचे प्रतिपादन होते.

हेरमान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये झुरिच येथून ह्या मताविरुद्ध लेख प्रसिद्ध केला. सामान्य सहसंयुजी बंधांनीच शेकडो घटक एका साखळीत जोडले जातात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या युक्तिवादाचे बळ त्यांनी योजलेल्या कसोटीत आहे. पुंजका द्विबंधांमुळे टिकत असेल, तर हायड्रोजनीकरणाने द्विबंध नाहीसे होताच तो विस्कटला पाहिजे आणि सहज ऊर्ध्वपातित होणारा लहान हायड्रोकार्बन मिळाला पाहिजे. १९२२ मध्ये श्टाउडिंगर व फ्रिची यांनी हा प्रयोग केला. मिळालेले हायड्रोरबर मूळ रबराप्रमाणेच कलिल विद्राव देत होते व ऊर्ध्वपातित होत नव्हते. 'महारेणू' ह्या अर्थाचा जर्मन शब्द ह्याच वर्षी प्रचारात आला.

खरी अडचण मात्र घनस्थितीच्या अभ्यासातून उद्भवली. कापूस व रॅमी यांचे तंतू क्ष-किरणांखाली स्फटिकासारखे विवर्तनचित्र देतात, हे १९२० मध्ये दिसून आले. बर्लिन-डालेम येथील तंतुरसायन संस्थेत मायकेल पोलानी यांनी १९२१ मध्ये ह्या चित्रांचा अर्थ लावला. त्यांच्या मते निरीक्षणांशी दोन रचना जुळत होत्या : ग्लुकोज घटकांची लांब साखळी, किंवा दोन-दोन घटकांची लहान वलये. बहुतेकांनी दुसरी स्वीकारली. स्फटिकाच्या एकक कोष्ठिकेहून रेणू मोठा असू शकत नाही, असा तेव्हा दृढ समज होता. नॅप्थॅलिनसारख्या स्फटिकांत कोष्ठिकेत पूर्ण रेणू मावतात, हे खरेच आहे. परंतु सेल्युलोजमध्ये तंतूच्या दिशेने सुमारे १०.३ अँगस्ट्रॉमवर होणारी पुनरावृत्ती ही केवळ साखळीतील आकृतिबंधाची पुनरावृत्ती होती. साडीच्या काठावरील एक बुट्टी मोजून काठाची लांबी कळत नाही, तसाच हा प्रकार होय.

१९२६ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे झालेल्या परिषदेत बर्गमान व प्रिंग्सहाइम यांनी लहान रेणूंचा पक्ष मांडला. लहान कोष्ठिकेमुळे मोठा रेणू अशक्य ठरत नाही, हे हेरमान मार्क यांनी तेथे स्पष्ट केले. त्याच वर्षी अमेरिकेत स्पॉन्स्लर व डोर यांनी कोष्ठिकेतून आरपार जाणाऱ्या साखळीची रचना सुचविली. १९२८ मध्ये मायर व मार्क यांनी तिला अधिक समर्थ रूप दिले. स्वेडबर्ग यांच्या अतिकेंद्रोत्सारकाने हीमोग्लोबिनचा रेणुभार सुमारे ६७,००० ठरविला. आणि कॅरोदर्स यांनी परिचित विक्रियांनी पायरीपायरीने साखळ्या घडवून त्यांचे अस्तित्व निर्विवाद केले.

विजयी पक्षही सर्वांशी बरोबर नव्हता. श्टाउडिंगर साखळ्यांना ताठ काड्या मानत. त्या लवचिक असून विद्रावात गुंडाळी होऊन राहतात, हे वेर्नर कून यांनी १९३४ मध्ये दाखविले. मायर व मिश यांनी १९३७ मध्ये सेल्युलोजच्या शेजारील साखळ्या परस्परविरुद्ध दिशेच्या मानल्या. नैसर्गिक सेल्युलोजमध्ये त्या एकाच दिशेच्या असतात, हे आज मान्य आहे. त्याचे दोन स्फटिकरूपांचे मिश्रण असते, हे तर घनस्थिती चुंबकीय अनुस्पंदनाने १९८४ मध्ये उघड झाले. तंतुचित्रावरून साखळीची रचना वाचण्याच्या ह्याच परंपरेत मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांचे कोलॅजेनवरील १९५४ चे कार्य येते.

श्टाउडिंगर यांना नोबेल पारितोषिक १९५३ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी मिळाले. ह्या वादात कोणाचेही मोजमाप मोठ्या प्रमाणात चुकले नव्हते. कोष्ठिकेची मापे दोन्ही पक्षांना मान्य होती; चुकले ते मापावरून काढलेले अनुमान. ते अनुमान पूर्वपरिचित स्फटिकांवरून नकळत उचललेले होते, म्हणूनच ते तपासून पाहण्याची गरज कोणास भासली नाही. निसर्गज पदार्थांचा अभ्यास करणाऱ्याने मोजमापाइतकीच आपल्या गृहीतांचीही नोंद ठेवणे का आवश्यक आहे, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे.