भजनात न अडखळणारा भाऊ

आजी सांगायची, तिच्या थोरल्या भावाच्या जिभेला लहानपणी इतकं वेखंड उगाळून लावलं, की पोराला जेवणाची चव लागेना. अक्कलकरा झाला, तोंडात खडे धरून बोलणं झालं, नवस झाले. 'प'वर अडखळणं काही सुटेना. त्यात स्वतःचं नावच 'प'पासून! हजेरीला वर्ग हसायला तयारच असे.

एकादशीला मात्र हाच मुलगा भजनात टाळ घेऊन उभा राहिला की एका अक्षरावर अडखळत नसे. आजीच्या लेखी ही विठोबाची कृपा. वाचा-उपचारतज्ज्ञांना यात नवल वाटत नाही: गाताना किंवा चारचौघांबरोबर एका आवाजात म्हणताना बहुतेकांचं अडखळणं जवळजवळ थांबतं. देवळाबाहेर आलं की पुन्हा येरे माझ्या मागल्या. भजन हा काही उपाय नव्हता. पण गावात हे एकच ठिकाण असं होतं, जिथे त्यांना कोणी 'तोतऱ्या' म्हणून हाक मारत नव्हतं, आणि मला ते वेखंडापेक्षा मोलाचं वाटतं.

त्यांचं लग्न जमलं त्याची गोष्ट आजी फार रंगवून सांगे. बघायला गेले तेव्हा घरातले सगळे त्यांची वाक्यं पुरी करून देत होते. मुलगी तेवढी गप्प राहून ऐकत होती. "हिलाच करायची," असं त्यांनी परतताना बैलगाडीत, बराच वेळ घेऊन, सांगितलं.

दोष जिभेत नव्हताच. बोलण्याची जुळणी मेंदूत होते, अडखळण्याचं मूळही तिथेच, आणि ते घराण्यात उतरू शकतं. आमच्याकडे ते चुलतभावात उतरलं. शंभरातली सुमारे पाच मुलं कधी ना कधी अडखळतात. बहुतेकांचं आपोआप सुटतं, मोठेपणी शंभरात एखाद्याचं उरतं. चुलतभावाचं उरलं. स्पीच थेरपीने थोडं सैल झालं, पण फोन उचलायची भीती गेली ती स्वमदत गटात. 2008 साली सुरू झालेल्या द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनने, म्हणजे 'तीसा'ने, असे गट गावोगावच्या लोकांना जोडून दिले. तिथे मुद्दाम अडखळून बोलायचा सराव करतात. आजीने कपाळाला हात लावला असता! पण लपवाछपवी संपली की निम्मा ताण जातो.

घरात लहान मूल अडखळत असेल तर वेखंड उगाळत बसू नका, वाचा-उपचारतज्ज्ञाला दाखवा. आणि मोठं माणूस अडखळलं तर "सावकाश बोल" म्हणू नका, त्याचा शब्दही तुम्ही पुरा करू नका. तो त्याला ठाऊक असतो.