गहाण पडलेले घर

दहावीचा निकाल लागला की माझ्या खोलीबाहेर पालकांची रांग लागते. 'खेळापायी मार्क गेले' हे वाक्य दरवर्षी ऐकावे लागते. मग मी पुल्लेला गोपीचंद यांची हकिकत सांगतो. दोघे भाऊ बॅडमिंटन खेळत. दोघेही अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेस बसले. भाऊ उत्तीर्ण होऊन आय.आय.टी.त गेला, त्याची रॅकेट सुटली. गोपीचंद नापास झाले, म्हणून खेळत राहिले! हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितले आहे. पालकांना ते फारसे रुचत नाही.

१९७३ साली आंध्रातील नागंडला गावी जन्मलेल्या गोपीचंदांना हैदराबादेत एस. एम. आरिफ यांनी घडवले. घात झाला पुण्यात. पुण्याचे आणि या खेळाचे नाते जुने. एकोणिसाव्या शतकात तिथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी खेळालाच 'पूना' म्हणत. त्याच पुण्यात १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत दुहेरीचा सामना खेळताना त्यांचा डावा गुडघा दुखावला. शस्त्रक्रिया झाल्या. दुसरा एखादा घरी बसला असता. हे बंगळूरला प्रकाश पदुकोण यांच्या प्रबोधिनीत सराव करीत राहिले आणि १९९६ पासून सलग पाच वर्षे राष्ट्रीय विजेते ठरले. ११ मार्च २००१ रोजी बर्मिंगहॅमला चीनच्या चेन हाँगला १५-१२, १५-६ असे हरवून त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली. प्रकाशनंतर, म्हणजे १९८० नंतर, हा मान मिळवणारे ते दुसरे भारतीय. त्यानंतर शीतपेयाची जाहिरात चालून आली. आपण जे पीत नाही ते मुलांना प्यायला सांगायचे नाही, म्हणून ती त्यांनी नाकारली.

पण मला मोठे वाटते ते पुढचे. २००३ साली आंध्र सरकारने गच्चीबावलीला पाच एकर जमीन भाडेपट्ट्याने दिली. जमीन मिळाली, बांधायला पैसा कुठून आणायचा? या गृहस्थांनी राहते घर गहाण टाकले. पुढे निम्मगड्डा प्रसाद या उद्योगपतींनी पाच कोटी दिले आणि २००८ साली प्रबोधिनी उभी राहिली. शाळेच्या एका खोलीच्या पत्र्यांसाठी वर्गणी गोळा करताना माझी काय दशा झाली होती ते आठवते. घराचे कागद बँकेत ठेवण्याचे धैर्य काही मला झाले नसते.

तिथे तयार झालेल्या सायनाने २०१२ ला लंडनमध्ये कांस्य, तर सिंधूने २०१६ ला रिओत रौप्यपदक मिळवले. रिओपूर्वी तीन महिने त्यांनी सिंधूचा मोबाइल काढून घेतला होता. (आमच्याकडे तासाभरासाठी घेतला तरी पालक भांडायला येतात.)

मात्र याच गुरूला २०१४ साली सायना सोडून गेली, बंगळूरला विमलकुमारांकडे. तिने जाऊ नये म्हणून आपण विनवण्या केल्या, ही गोष्ट त्यांनी २०२० साली निघालेल्या एका पुस्तकात उघडपणे कबूल केली आहे. सिंधूकडे अधिक लक्ष दिले गेले असे तिला वाटले असावे, असेही त्यांना वाटते. चाळीस मुलांच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या कुणाही शिक्षकाला हा पेच नवा नाही. पहिल्या बाकावरची मुलगी रुसते तेव्हा चूक नेमकी कुणाची, हे मला तीस वर्षांत उमगलेले नाही. २०१७ मध्ये सायना हैदराबादेस परतली. गोपीचंदांनी तिला पुन्हा कोर्टावर घेतले.